पितळी डबीने ऐकलेले खोटे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर औषधाच्या गोळ्यांची डबी समजाल. ती मी नाही. मी पितळेची आहे, तळहातावर मावते आणि माझ्या पोटात एका वकीलबाईची कार्डे राहतात. आता मी बरीच जुनी झाले आहे. झाकणावर ओरखडे पडलेत, बिजागरी करकरते. पण तरुणपणी मी फार मत्सरी होते आणि माझी मालकीण माझ्याहून मत्सरी होती. त्याचीच ही हकीकत.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पत्रा कापून, कडा वळवून झाल्यावर तो मला कानाशी धरून बसला. झाकण मिटताना नेमका हवा तसा 'टक्' आवाज आला, तेव्हाच त्याने मला हातावेगळे केले. पुढे दुकानातून मला एका परिचारिकेने घेतले. तिच्या धाकट्या बहिणीला वकिलीची सनद मिळाली होती. "हिच्यातून कार्ड काढलं की समोरच्याला वाटलं पाहिजे, बाई मोठी वकील आहे," असे ती दुकानदाराला म्हणाली. मी तिथेच फुगले.

वकीलबाईचे ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर शिलाई यंत्राची खडखड चाले. मृत्युपत्रे आणि भागीदारीचे करार ती असे लिहायची की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये. पण लिहून घ्यायला माणसे तर यायला हवीत. म्हणून ती मेळाव्यांना जाऊ लागली. वकिलांची संमेलने, उद्योजकांच्या सभा, गळ्यात नावाच्या पट्ट्या, हातात कॉफीचे कप. अनोळखी माणसाशी बोलणे तिला जमत नसे. ती घाईघाईने मला उघडायची, कार्ड पुढे करायची आणि पुढच्या माणसाकडे सरकायची.

त्याच मेळाव्यांना तिची कॉलेजातली मैत्रीण यायची. तिच्या अखंड बडबडीमुळे तिला सगळे चिमणी म्हणत. तिची कार्डे एका कापडी पाकिटात असत आणि ते पाकीट एका कोपऱ्यात उसवलेले होते. संध्याकाळभरात ते फार तर तीनदा बाहेर निघे. चिमणी एकाच माणसाजवळ पाऊण तास उभी राही. त्याची यंत्रे, त्याचे कामगार, त्याच्या सासूचा गुडघा, सगळ्यांची चौकशी करी. पुढच्या आठवड्यात तो माणूस तिच्या ऑफिसात बसलेला असे. तिच्या हाताखाली आता दोन वकील होते.

त्या उसवलेल्या पाकिटाकडे पाहून माझा जळफळाट व्हायचा. मी एवढी चकचकीत, मग माझ्यात काय कमी आहे? वकीलबाईलाही स्वतःबद्दल तेच वाटत असावे. पलीकडून चिमणीचे हसणे ऐकू आले की तिची बोटे माझ्यावर आवळली जात.

घरी गेल्यावर ताई, म्हणजे ती परिचारिका बहीण, विचारी, "काय झालं आज?"

"बेचाळीस कार्डं वाटली."

"आणि भेटलं कोण?"

यावर वकीलबाईला एकाही माणसाचा धंदा धड सांगता येत नसे.

असेच एका मेळाव्यात एक पन्नाशीची बाई आमच्याकडे आली. ती रोपवाटिका चालवायची. नखांत माती होती आणि ती लपवण्याचा तिने प्रयत्नही केला नव्हता. जमीनमालक मुदतीआधीच जागा रिकामी करा म्हणून तिच्या मागे लागला होता.

"तुमची ती मैत्रीण, चिमणी म्हणतात त्या, आज दिसत नाहीत," ती म्हणाली. "जागांच्या भांडणात त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं ऐकलंय."

वकीलबाईने एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "ती असली कामं आता घेत नाही." आणि तिने मला उघडले. 'टक्' असा माझा आवाज झाला. मित्रांनो, ते खोटे होते हे मला ठाऊक होते. तरी मला आनंद झाला, कारण त्या दिवशी पाकीट हरले होते.

वकीलबाईने मेहनतीत कसूर केली नाही. ग्रंथ वाचले, जमीनमालकाला सोळा पानी उत्तर लिहिले. पण अशा भांडणात पहिल्याच दिवशी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागायचा असतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला काही करता येत नाही. हे तिला उशिरा सुचले. तोवर जमीनमालकाने पाण्याची जोडणी तोडली. ऐन उन्हाळा होता. रोपवाटिकेची मालकीण टँकर मागवून पाणी घालत राहिली, पण अर्धी रोपे वाळली.

त्याच सुमारास पुढचा मेळावा आला. रोपवाटिकेची मालकीण चिमणीसमोर जाऊन उभी राहिली. आम्ही दोन हातांवर होतो.

"मला खरं तर तुमच्याकडेच यायचं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही जागांची कामं सोडलीत म्हणे."

चिमणीने वकीलबाईकडे पाहिले. वकीलबाईच्या हाताला एवढा घाम सुटला की मी निसटून फरशीवर पडले. झाकणावरचा सर्वांत खोल ओरखडा तेव्हाचा.

"हो," चिमणी म्हणाली, "हल्ली जरा कमीच घेते."

मला उचलून वकीलबाई तिच्या मागोमाग जिन्यात गेली. "तू मला का सांभाळून घेतलंस?"

"चारचौघांत तुझी लाज काढायची नव्हती. राग आलाय. चांगलाच आलाय."

"मी तुझ्यावर जळते गं. कॉलेजपासून."

"आणि मी तुझ्यावर जळत नाही होय?" चिमणी म्हणाली. "तुझं लिखाण न्यायाधीश सरळ वाचत जातात. माझं वाचताना दर ओळीला थांबून मला अर्थ विचारतात. पण म्हणून मी कोणाला सांगत नाही की तुला लिहिता येत नाही." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "माझी माफी नंतर माग. आधी तिला जाऊन सांग. फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोपवाटिकेत गेलो. मालकीण खाली बसून वाळलेली रोपे उपटून टोपलीत टाकत होती. वकीलबाईने उभ्यानेच सगळे सांगितले. एक शब्दही सौम्य केला नाही. मालकिणीचे हात थांबले नाहीत. टोपली भरल्यावर ती म्हणाली, "ही रोपं मी बियांपासून केली होती. तुम्हाला हे आधी सांगता आलं असतं."

"हो."

"फाइल त्यांच्याकडे द्या. आजच."

वकीलबाईने फाइल स्वतः नेऊन दिली. चिमणीने काय काय मागायचे ते भराभर सांगितले आणि वकीलबाईने तिथेच टेबलाच्या कडेला बसून अर्ज लिहिला. खाली सही चिमणीची झाली. चौथ्या दिवशी मनाई हुकूम आला, पाणी सुरू झाले. त्या कागदावर माझ्या वकीलबाईचे नाव कुठेही नव्हते. तिने त्याची प्रत मात्र जपून ठेवली.

त्यानंतर वर्षभर चिमणी आमच्याशी कामापुरतेच बोलली. मग एका मेळाव्यात ती एका घड्याळजीला घेऊन आली. "यांना भावाबरोबर भागीदारीचा कागद करायचाय," ती म्हणाली. "तो हिनेच लिहावा." एवढे बोलून ती निघून गेली.

मी सवयीने उघडायच्या तयारीत होते. पण वकीलबाईने मला मुठीतच ठेवले आणि विचारले, "भाऊ मोठे की धाकटे? तुमचं दोघांचं पटतं का?" घड्याळजी बोलत राहिला. मी मिटलेलीच होते, आणि चुळबुळत होते, हे कबूल करते. अखेर त्यानेच विचारले, "तुमचं कार्ड मिळेल का?"

मित्रांनो, जळणे माझे अजून पुरते गेलेले नाही. त्या पाकिटाला कोणीतरी नवी शिवण घातली, तेव्हाही मला ते खुपले. तसे तुम्हालाही कोणाचे काही खुपेल. खुपू द्या. पण त्या माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल खोटे बोलू नका. आणि बोललाच असाल तर उद्यावर टाकू नका. तुमचे खोटे खरे मानून कोणीतरी त्यावर विसंबलेले असते आणि तिकडे त्याची रोपे वाळत असतात.