सखाबाईची साखर

मी ज्योत्सना. माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच कबूल करते.

मोहाडीजवळच्या आमच्या गावातल्या तलावात शिंपले संपत आले, म्हणून मी घरामागच्या टाक्यांत त्यांची पिल्लं वाढवते. शिंपल्यांची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात; तिथून नुकती उतरलेली ही पिल्लं तिळाहून लहान. त्यांना रोज हिरवं पाणी लागतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ. ते उकळून घेतलेल्या बाटल्यांत वाढवावं लागतं.

या महिन्यात बाटलीमागून बाटली नासत गेली. पाणी दोन दिवसांत गढूळ व्हायचं, वास मारायचं. निम्मी पिल्लं मेली. कॉलेजात शिकवणाऱ्या नंदिनीने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला.

"जीवाणू हायेत," ती म्हणाली. "बाटलीत त्यायले काहीतरी खायले भेटून राहिलं."

मी घरात सगळ्यांना फैलावर घेतलं. माझा नवरा हेमराज तर टाक्यांकडे फिरकेनासा झाला. शेजारच्या सखाबाईकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. माझी शेगडी लहान पडू लागली, म्हणून या महिन्यापासून तीच आपल्या चुलीवर माझ्या बाटल्या उकळून, कापसाचे बोळे लावून आणून द्यायची. पाठ दुखत असली तरी तिने कधी कुरकुर केली नाही.

मंगळवारी तिने आणलेल्या बाटलीच्या तळाशी तांदळाचे चार दाणे दिसले.

"काकी, हे काय?"

"साखर सरली, म्हणून तांदूळ टाकले. भांडं रिकामं कसं वापस करू व बाई? रोज चिमूटभर साखर टाकतो मी."

"तुमच्या साखरेनंच माह्यी पिल्लं मेली," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. ती निघून गेली. मी कपाळाला हात लावून बसले. नव्याने शेवाळ वाढवायला, विरजण म्हणून, माझ्याकडे एकही चांगली बाटली उरली नव्हती, आणि उपाशी पिल्लं दोन दिवससुद्धा काढणार नव्हती.

थोड्या वेळाने सखाबाई परत आली. तिच्या हातात हिरवीगार बाटली होती. मागच्या महिन्यात मीच उकळून वाढवलेली आणि कौतुकाने तिला दिलेली.

"भरून देल्ली होती तू. आता वापस करतानी कायनं भरू, हेच सुचलं नाही. म्हणून खिडकीत ठेवली. हिरवं खाली बसते म्हणून रोज हलवतो."

"साखर टाकली?"

"नाही. बोळाच नाही काढला."

नंदिनीने तपासलं. पाणी स्वच्छ होतं. अर्धं पिल्लांना पाजलं, अर्ध्यातून नव्या बाटल्या लावल्या. चौथ्या दिवशी उरलेली पिल्लं शिंपल्यातून जिभेसारखा मऊ पाय बाहेर काढून वाळूत सरकू लागली आणि मला रडू आलं. जिला मी तोडून बोलले, तिनेच माझी पिल्लं वाचवली होती.

पण सखाबाई बाटल्या न्यायला येईना. शेवटी मीच टोपली घेऊन तिच्या दारात गेले.

"काकी, चुकलं माह्यं. तुमचे लय उपकार झाले. ह्या उकळून द्या."

"मलेच देतं?" तिने विचारलं.

"तुमालेच. फक्त आत काही टाकू नका."

"रिकामं द्यायले हात नाही होत, पोरी."

"मंग साखर मले द्या," मी म्हणाले आणि तळवा पुढे केला.

तिने डबा उघडला आणि चांगली मूठभर साखर माझ्या हातावर ठेवली. मी तिथेच उभी राहून सगळी खाल्ली.