सुरक्षित जागी

वादळ दुपारनंतर मुंबईच्या जवळून जाणार, असं सांगितलं होतं. जवळून म्हणजे नेमकं किती जवळून, हे कुणीच सांगत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी लिहिलं, खिडक्या घट्ट बंद ठेवा. पाठोपाठ कुणीतरी लिहिलं, एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर काचा फुटतील. माधुरी शाळेत विज्ञान शिकवायची. दुसरं तिला पटलं नव्हतं, पण पहिल्याचीही खात्री वाटेना. तिने सगळ्या खिडक्या लावल्या आणि एकीची कडी पुन्हा पुन्हा हलवून बघत राहिली.

बाकी तयारी मात्र तिने पद्धतशीर केली होती. नवरा धम्मपाल सकाळीच कुर्ल्याला रेल्वेच्या ड्यूटीवर गेला, तेव्हापासून ती सासूला आणि मुलीला बजावत होती, "महत्त्वाचं जे काही असेल ते सुरक्षित जागी ठेवा." पिंपं भरली. बाल्कनीतल्या कुंड्या मोरीत आल्या. पॅसेजमधलं चपलांचं कपाट घरात आलं. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग लाइट गेले. सासूची इन्सुलिनची पेनं रुमालात गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायची, हे माधुरीने आधीच ठरवलं होतं. तिने फ्रिज उघडला. दारातला कप्पा रिकामा होता.

तिने भाज्यांचा ट्रे उपसला. वापरातलं पेन सकाळीच संपलं होतं आणि संध्याकाळी जेवणाआधी इंजेक्शन घ्यायलाच हवं होतं. मागे एकदा चुकलं, तर सासूला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. खालच्या मेडिकलचं शटर तर दुपारीच पडलं होतं.

"पियू, आज्जीची पेनं कुठे ठेवलीस?"

"मी हात पण नाही लावला हां," प्रियंका म्हणाली. "मी फक्त चॉकलेट काढलं."

शकुबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "ठेवली की सुरक्षित जागी. तूच म्हणालीस ना?"

"कुठे, आई?"

"समोर. मृणालिनीच्या फ्रिजात. तिच्याकडे इन्व्हर्टर हाय."

मृणालिनीताई दुपारी घाईघाईत कुलूप लावून पार्ल्याला गेल्या होत्या, त्यांची म्हातारी आई एकटी होती म्हणून. तरी माधुरीला हायसं वाटलं. त्यांची जादा किल्ली तिच्याकडेच असायची आणि तिची त्यांच्याकडे. त्यांची किल्ली तिने धम्मपालच्या गमबुटात टाकून ठेवली होती. जूनपर्यंत ते बूट कुणी हलवत नसे.

तिने चपलांचं कपाट उघडलं. मग सगळ्या चपला बाहेर काढल्या.

"गमबूट?"

"पप्पा घालून गेले ना," प्रियंका म्हणाली. "वादळ आहे म्हणून."

माधुरी चपलांच्या ढिगात तशीच बसली. बऱ्याच प्रयत्नांनी धम्मपालचा फोन लागला.

"बोल गं. आवाज तुटतोय."

"तुझ्या बुटात काही आहे का?"

"काय?"

"बुटात! गमबुटात!"

पलीकडे नुसता वारा ऐकू आला. "तुला कसं कळलं? सकाळपासून डाव्या पायात टोचतंय. काढून बघायला फुरसत कुठंय?"

"मृणालिनीताईंची किल्ली आहे ती."

"माझ्या बुटात? यार, माधुरी, ही काय जागा आहे!"

"अरे ऐक ना, आईंची पेनं त्यांच्या घरात…"

फोन कट झाला. पुढचं त्याने ऐकलं की नाही, तिला कळेना. पुन्हा लावला, लागेना. मृणालिनीताईंचाही लागेना. बाहेर कुठला तरी पत्रा आपटत होता.

अंधारून आलं तशी शकुबाईंना भूक लागली. "अर्धी भाकर दे गं."

"टोचल्याशिवाय नाही, आई."

"मग एक घास?"

माधुरीने पुन्हा फ्रिज उघडला.

"मम्मी, तेच परत परत काय बघतेस?" प्रियंका म्हणाली. "आपल्याकडे नाहीयेत ती."

दारावर थाप पडली तेव्हा वारा जरा ओसरला होता. धम्मपाल नखशिखांत भिजून उभा होता, डावा पाय अधांतरी धरून. "ड्यूटीवरच्या खंडूने बाइकवर सोडलं. आईचं काय झालं? एवढंच ऐकू आलं, आईंची…" त्याने भिंतीला टेकून बूट काढला, उलटा केला. पाण्याबरोबर किल्ली पडली.

समोरचं दार उघडलं. रिकाम्या घरात ट्यूबलाइट जळत होती, पंखा फिरत होता, आणि फ्रिज बंद होता. इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे होते. माधुरीने फ्रिज उघडला. तिने कप्प्यात हात घातला. पेनं चांगली गार होती. दुपारपासून हा फ्रिज कुणी उघडलाच नव्हता. स्वतःच्या फ्रिजचं दार तिने किती वेळा उघडलं, ते तिला आठवेना. तिने एकच पेन घेतलं आणि दार लावून टाकलं.

सुई टोचून घेताना शकुबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? इन्व्हर्टर हाय म्हणून."

समजावून सांगावं असं माधुरीला वाटलं. पण सुरुवात कुठून करायची? म्हातारीचं कारण चुकलं होतं आणि जागा बरोबर निघाली होती.

धम्मपालने कोरडे मोजे चढवले. "ही किल्ली आता कुठे ठेवू?"

माधुरीने कपाटाकडे पाहिलं, मोरीतल्या कुंड्यांकडे पाहिलं, पाण्याच्या पिंपांकडे पाहिलं. मग किल्ली त्याच्या हातातून घेऊन मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने सासूच्या ताटात भाकरी वाढली.