पहिला हात

जावयाचं प्रेत धुवायला सासूलाच बोलवावं लागलं, कारण त्या शहरात हे काम करणारी दुसरी कोणी नव्हती. सतरा वर्षं ती मेलेल्यांना आंघोळ घालत होती. लोक तिला मावशी म्हणायचे आणि ती समोरून आली की रस्ता बदलायचे. मावशीलाही लोकांचं फारसं कौतुक नव्हतं. जिवंतपणी ज्यांनी नाकं मुरडली ते सगळे शेवटी आपल्याच फळीवर उताणे पडतात, हे तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला थोडं सुखही मिळायचं.

आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. फळीवर जावई होता आणि त्याच्या खुनाचा आळ तिच्या एकुलत्या एका लेकीवर होता.

त्या काळी खुनाचा निवाडा माणसं करत नसत, देव करायचा. निदान धर्माधिकारी तरी तसं सांगायचे. मेलेल्याला तिसऱ्या दिवशी प्रार्थनागृहाच्या दालनात आणून ठेवायचं. आरोपीने त्याच्या छातीवर तळहात दाबून धरायचा आणि ‘मी तुला मारलं नाही’ असं तीनदा म्हणायचं. हात खुन्याचा असेल तर देव प्रेताला बोलतं करतो, म्हणजे त्याच्या नाकातोंडातून रक्त येतं. आलं तर फाशी, नाही आलं तर घरी जा. साक्षीदार नकोत, उलटतपासणी नको, डोक्याला ताप नको.

तिसऱ्याच खटल्यात मावशीला कळून चुकलं होतं की यात देवाचा काडीचाही संबंध नाही. मेलेल्या माणसाच्या पोटात तिसऱ्या दिवसापर्यंत वारा धरतो आणि छातीत काळपट पाणी साचतं. पहिला धक्का बसला की ते बाहेर येतं. धक्का खुन्याने दिला की आणखी कोणी, हे त्या पाण्याला कुठून कळणार? धुताना प्रेत कुशीवर घेऊन पाठीवर चार-सहा वेळा नीट दाबलं, तर सगळं घमेल्यात निघून जातं. मग खुद्द खुनी त्याच्या छातीवर नाचला तरी थेंब येत नाही.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. उलट सतरा वर्षं ते मुकाट्याने वापरलं. ज्या आरोपीची तिला दया यायची त्याच्या खटल्यातलं प्रेत ती कुशीवर घ्यायची. जो तिच्या डोक्यात जायचा त्याच्या खटल्यातलं तसंच उताणं पाठवायची. निकालाआधी धर्माधिकारी तिला ग्रंथावर हात ठेवायला लावत आणि ती शपथ घ्यायची, ‘मी हे प्रेत धुतलं, कोरडं केलं. यातून जे आलं ते देवाचं बोलणं.’ शपथ तिला इतकी तोंडपाठ होती की म्हणताना ती पुढच्या कामाचा विचार करायची. आणि हे सगळं जगात आणखी एकीलाच माहीत होतं. लग्न होईपर्यंत घमेलं धरायला तिची लेकच असायची.

तेव्हा आजचं काम खरं तर सोपं होतं. जावयाला कुशीवर घ्यायचं, बस्स. पण धुण्याच्या खोलीत भिंतीला टेकून विहीणबाई बसल्या होत्या. ‘आरोपीची आईच धुणार असेल तर मी समोर बसणार,’ असं त्यांनी धर्माधिकाऱ्यांना बजावलं होतं आणि ते त्यांनी मान्यही केलं होतं. दारात एक शिपाईही उभा होता.

लग्न ठरल्यापासून या दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. मुडदे धुणारीची पोर रंगाऱ्याच्या घरात आली, हे विहीणबाईंना चार वर्षांत पचलं नव्हतं. सुनेला त्या सून म्हणत नसत, नावानेही हाक मारत नसत. ‘ती’ म्हणायच्या. ‘तिला सांग, माठाला हात लावण्याआधी हात धू.’

मावशीने जावयाचे पाय धुवायला घेतले. टाचेपासून पोटरीपर्यंत हिरवं शेवाळ खरवडून चिकटलं होतं. जखम एकच होती, डोक्याच्या मागे, पायरीच्या कडेसारखी सरळ. तो सापडला त्या रंगशाळेच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, मागच्या पायऱ्या कायम ओल्या असतात. पाय घसरून पडलेली माणसं मावशीने पन्नास तरी धुतली होती.

“हे शेवाळ बघा, विहीणबाई. घसरलाय तो. कोणी मारलं नाही त्याला.”

“ढकलला तरी माणूस घसरतोच.”

“कोणी ढकलला? माझ्या लेकीने? ती बादली उचलताना दोनदा टेकवते.”

“आदल्या संध्याकाळचं भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलंय.”

“भांडणाने नवरे मरत असते, तर तुमचे यजमान लग्नाच्या महिन्यातच गेले असते.”

दारातला शिपाई खोकला. विहीणबाईंची नजर मावशीच्या हातांवरून हलली नाही. मावशीने पोट पुसलं, छाती पुसली. बरगड्यांखाली बोटांना ते जाणवलं. छाती गच्च भरली होती. आता नुसता तळहात टेकला तरी पुरे होता.

“कुशीवर घेते त्याला. पाठ राहिलीय.”

“राहू दे.”

“मळकं पाठवू का देवासमोर?”

“पाठ कोण बघतंय? तुम्ही कुठेतरी कापूस कोंबणार, बोळा घालणार. मला काय कळत नाही होय? त्याला हलवायचं नाही.”

“अहो, पोटचं पोर ना तुमचं?”

“माझ्या पोटच्या पोराचं मी बघते. तुम्ही तुमच्या पोटच्या पोरीचं बघताय, ते दिसतंय मला.”

मावशीने ऐकलं न ऐकलंसं करून एक हात त्याच्या खांद्याखाली सरकवला. विहीणबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या बाईची पकड भलतीच होती, चाळीस वर्षं ओली कापडं पिळलेली. त्यांनी शिपायाला आत बोलावलं. शिपायाने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि धुणं झालं म्हणून जाहीर केलं. मावशीच्या मनात त्या वेळी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. या बाईला आपल्या फळीवर आणून घाल, एवढंच तिने देवाकडे मागितलं, ज्या देवावर तिचा विश्वास नव्हता त्याच्याकडे.

दालन माणसांनी खचाखच भरलं होतं. लोकांना निवाडे फार आवडायचे. लेकीला आणलं तेव्हा तिचे हात पुढे बांधलेले होते आणि बोटं अजून निळी होती, रंगशाळेतला निळा लवकर जात नाही. तिने आईकडे पाहिलं. मावशीने मान किंचित हलवली, नाही जमलं. लेकीला ताबडतोब कळलं.

हमालांनी फळी अलगद आणून चौथऱ्यावर ठेवली. प्रेताच्या डोक्याखाली लाकडी ठोकळा होता, तो सरकला आणि त्याची धार नेमकी जखमेवर आली. धर्माधिकारी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होते. प्रार्थना लांबलचक होती आणि त्यांना स्वतःचा आवाज आवडायचा.

“लागतंय त्याला,” विहीणबाई म्हणाल्या.

कोणाला उद्देशून असं नाही. त्या पहिल्या रांगेतून उठल्या आणि चौथऱ्याशी गेल्या. मावशी दोन पावलांवर उभी होती. पुढे काय होणार ते तिला स्वच्छ दिसलं. ‘हलवू नका’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सतरा वर्षं हमालांना ती हेच ओरडून सांगत आली होती. आज तिने दातांवर दात घट्ट धरले.

विहीणबाईंनी मुलाच्या मानेखाली हात घातला आणि झोपलेल्याची उशी नीट करताना उचलतात तसं त्याचं डोकं उचलून छातीशी घेतलं.

नाकातून काळपट लाल धार आली आणि त्यांच्या बाहीवर ओघळली. पोराचं नाक पुसावं तसं त्यांनी आधी पदराने ते पुसून टाकलं. मग दालनातली शांतता त्यांच्या कानावर पडली.

“आई आहे हो ती त्याची,” मागून कोणीतरी म्हणालं.

धर्माधिकाऱ्यांनी डोळे उघडले. ते घाबरले होते, मावशीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आईच्या हाताने उगाचच रक्त येतं असं म्हणावं, तर आजवर जेवढे फासावर दिले त्यांचं काय? माणूस हुशार होता. दोन श्वासांत त्याने स्वतःला सावरलं.

“देव नातं बघत नाही,” ते म्हणाले. “मावशी, ग्रंथावर हात ठेवा.”

“आई, नको,” लेक म्हणाली.

मावशीने हात ठेवला. “मी हे प्रेत धुतलं, कोरडं केलं. यातून जे आलं ते देवाचं बोलणं.” शब्द कुठेही अडखळला नाही.

दोघा शिपायांनी विहीणबाईंना धरलं. तिसऱ्याने लेकीची दोरी सोडली. हात मोकळे होताच ती ओरडली नाही, रडली नाही, सरळ धर्माधिकाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“खोटं आहे हे. तिसऱ्या दिवशी कोणीही उचललं तरी येतं. आधी कुशीवर घेतलं तर येत नाही. मी स्वतः घमेलं धरलंय.”

“मावशी, मुलगी काय म्हणते?”

खरं सांगावं तर निवाडाच रद्द होणार होता. लेक पुन्हा दोरीत आणि तिच्या शेजारी आपण. मावशीला विचार करायला फार वेळ लागला नाही.

“पोर भेदरलीय. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. काहीबाही बडबडतेय.”

“माझी सून खरं बोलतेय.”

हे विहीणबाई बोलल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द आला होता. त्या मावशीकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसतं समजल्याचं दिसत होतं. “मघाशी त्याला कुशीवर घ्यायचं म्हणत होत्या त्या. मीच घेऊ दिलं नाही.”

पण ज्याच्या हातावर रक्त आलं त्याचं बोलणं लिहून घ्यायची पद्धत नव्हती. उद्या दुपारी फाशी, असं धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं आणि ग्रंथ मिटला. निवाडा अपेक्षेपेक्षा रंगला म्हणून लोक खूश होऊन बाहेर पडले.

बाहेर कडक ऊन होतं. मावशीने लेकीच्या दंडाला धरलं. आपलं पोर जिवंत आहे, बाकी जग गेलं खड्ड्यात.

“चल घरी. काहीतरी खाऊन घे.”

लेक हलली नाही. “आई, तो घसरून पडला होता ते तुला त्याला धुतानाच कळलं होतं ना?”

“मला कोणी विचारलं का? इथे मुडद्याला विचारतात.”

“तुला विचारलं. आत्ताच विचारलं, सगळ्यांसमोर.”

“तुझ्यासाठी केलं मी. ती बाई तुला माठाला हात लावू देत नव्हती, विसरलीस?”

“नाही विसरले.” लेकीने दंड सोडवून घेतला. “उद्या त्यांना तुझ्याकडेच आणतील.”

“माझ्याकडेच. दुसरं आहे कोण?”

“मी आहे. शिकवलंयस तू मला सगळं.” सासूला नेलं होतं त्या कैदखान्याच्या फाटकाकडे ती वळली आणि चालता चालताच म्हणाली, “त्यांच्या अंगाला तू हात लावायचा नाहीस. त्यांना मी धुईन.”