सुखदानं मागे घेतलेला कोड

सुखदा देशकर आमच्या अधारतालच्या छोट्या कंपनीत सहा वर्षांपासून आहे. आम्ही शेतातली ओल मोजणारी यंत्रं बनवतो. मझौलीकडच्या शेतांत अशी चाळीस यंत्रं लावली होती. ती रेडिओवरून एकमेकांशी बोलत, पण फक्त शेजारच्याशीच. लांबच्या यंत्राचा निरोप गावातल्या मुख्य पेटीपर्यंत पोचवायला आम्ही एक वेगळा प्रोग्राम जोडला होता. तो बॅटरी खाई आणि निरोपही उशिरा येत.

सुखदाचं म्हणणं होतं की हे काम कर्नलनंच करायला हवं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. निरोप आपला नसेल तर तो कोणत्या वाटेनं पुढे धाडायचा, एवढं त्याला शिकवायचं. हा कर्नल जगभरात खुला आहे. कुणीही त्यात भर घालू शकतो, पण जाणकारांनी तपासल्यावरच. तिचा कोड चार वेळा परत आला. प्रत्येक शेरा तिनं शांतपणे वाचला आणि पुन्हा लिहायला बसली. पाचव्यांदा होकार आला. मी सगळ्यांना खव्याची जलेबी खाऊ घातली.

दोन दिवसांनी ती एकटीच मझौलीला गेली. निरोप चालू असताना मधलं एक यंत्र बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, असं ती दिवसभर करत राहिली. दोनशेएक वेळा केल्यावर मुख्य पेटी गोठली, कशालाच प्रतिसाद देईना. बंद झालेल्या यंत्राच्या वाटेची नोंद पुसली जात असतानाच कर्नल एका निरोपासाठी तीच नोंद वाचत होता. ही चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात कृषी खात्याचे अधिकारी काम पाहायला येणार होते. ती कोड लगेच मागे घ्यायचा म्हणाली. मी तिला समजावलं, होकार आलाच आहे, नंतर दुरुस्त कर. काहून घाई करून राहिलीस?

ती म्हणाली, "भैया, हा कोड फक्त आपल्या पेटीत नाही चालणार. कुणी दवाखान्यातल्या मशीनमध्ये टाकला तर? मला माहीत असून मी गप्प कशी बसू?"

तिनं कर्नलच्या जाणकारांना, जगभरात सगळ्यांना दिसेल असं, लिहून टाकलं: माझी चूक आहे, हा कोड घेऊ नका.

अधिकाऱ्यांना आम्ही जुनीच व्यवस्था दाखवली. ते फारसे खूश झाले नाहीत. मी दोन दिवस तिच्याशी तुटकच बोललो, याची आज लाज वाटते. ती मात्र आपल्या कामात होती. अकराव्या दिवशी दुरुस्ती झाली. यंत्र हजार वेळा बंद-सुरू केलं तरी पेटी गोठली नाही.

कोड पुन्हा घेतला गेला, आणि सोबत मुख्य तपासनिसाची विनंती आली: या भागाची देखरेख यापुढे तुम्हीच कराल का? मी ते पत्र तीनदा वाचलं. जगातला कुणीही या भागाला हात लावणार असेल, तर आधी आमच्या सुखदाला विचारणार होता.

तिनं होकार कळवला आणि माझ्याकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. मी म्हटलं, आठवडाभर घे.