आबांची फुंकर

साथीच्या काळात आमच्या घराण्यात एकही माणूस आजारी पडला नाही, याचं सगळं श्रेय मी स्वतःकडे घेत असे. घरचे म्हणत, आबांच्या संदेशांना कंटाळून विषाणूच पालेंबांग शहर सोडून गेला. मी, कियागुस हमदानी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. हाताखाली कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे हुकूम सोडायला ही साथ मला भलतीच सोयीची पडली. रोज पहाटे उठून मी कुटुंबाच्या ग्रुपवर सूचना टाकायचो: वाफ घ्या, गरम पाणी प्या, मास्कला निलगिरीचं तेल लावा. माझा धाकटा भाऊ स्यारनुबी, आमचा नुबी, त्याखाली घोरणाऱ्या माणसाचं चित्र टाकायचा.

अशात आमच्या एकुलत्या एका लेकीचं, युलीचं लग्न ठरलं. ती दूर जावा बेटावर, जोगजा शहरात नोकरीला, नवरा मुलगा बगास तिथलाच, म्हणून लग्नही तिथेच. आमच्यात निकाहाच्या वेळी बाप जावयाचा हात हातात धरतो आणि म्हणतो, माझी ही मुलगी मी तुला दिली. एवढं एकच वाक्य, पण ते मुलीचं नाव, मेहेर म्हणजे नवऱ्यानं तिला द्यायची रक्कम, सगळं घेऊन न अडखळता म्हणावं लागतं. चुकलं की काझी परत म्हणायला लावतो. मी आरशासमोर उभा राहून ते इतकं घोकलं, की एकदा दारात आलेल्या पोस्टमनलाच मुलगी देऊन बसलो असतो.

पाहुणे तीसच बोलवायची परवानगी होती. कुणाला वगळायचं हे अर्थातच मी ठरवलं. नुबी ट्रक चालवतो, आमच्याकडच्या पागारआलम गावची कॉफी पार जावाभर पोचवतो, दर टपरीवर बसतो, भेटेल त्याला मिठी मारतो. मी त्याला लिहिलं, "तू येऊ नकोस. तू चालताबोलता धोका आहेस." त्यावर घोरणारा माणूसही आला नाही. मला वाटलं, चला, पटलं याला.

विमानं तर इतकी कमी झाली होती की जोगजाला जायला आठवड्यात जेमतेम दोनदा सोय. नवरा-बायकोनं एका विमानात बसू नये असं मी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून बायकोला, रोहायाला, आधीच्या विमानानं पाठवून दिलं आणि स्वतःसाठी लग्नाच्या आदल्या दिवशीचं विमान राखलं. निघताना ती म्हणाली, "तेंपोयाकच्या बरणीला हात लावू नका. मी नसले की तुमचा जिभेवर ताबा राहत नाही."

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो.

तेंपोयाक म्हणजे आंबवलेला दुरियान, आमच्याकडचं फणसासारखं उग्र वासाचं फळ. ताज्या दुरियानच्या वासाला जे नाक मुरडतात, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पण मला खात्रीलायक संदेश आला होता की आंबवलेल्या पदार्थांनी प्रतिकारशक्ती वाढते. प्रवासाच्या दिवशी सकाळी मी, केवळ खबरदारी म्हणून, बशीभर तेंपोयाक, त्यासोबत पेताईच्या उग्र शेंगांचे दाणे आणि कच्चा लसूण असा नाश्ता केला. मग दोन मास्क, चेहऱ्यावर पारदर्शक पडदा, हातमोजे आणि अंगात रेनकोट घालून विमानतळावर गेलो. टॅक्सीवाल्यानं चारही काचा खाली केल्या. मी मनात म्हटलं, हवा खेळती ठेवतोय, समंजस माणूस आहे.

त्या दिवसांत आमच्याकडे विमानतळावर फुंकर मारून तपासणी व्हायची. प्लास्टिकच्या पिशवीत श्वास भरायचा, पिशवी यंत्राला जोडायची, आणि यंत्र सांगणार तुम्ही जाणार की राहणार. भिंतीवर पाटीच होती: तासभर आधी काही खाऊ नये, सिगारेट ओढू नये, उग्र वासाचे पदार्थ टाळावेत. हीच पाटी मी ग्रुपवर तीनदा टाकली होती. तासाचा नियम मी काटेकोर पाळला होता. उग्र वासाचं म्हणाल, तर स्वतःच्या तोंडाचा वास कुणाला येतो?

मी ऐटीत पिशवी फुगवली. यंत्रावर लाल अक्षरं आली.

टेबलामागची पोरगी पडद्याआडून माझ्याकडे बघत होती. मग तिनं खुर्ची हळूच मागे सरकवली. "आजोबा, सकाळी काय खाल्लंत? पेताई? दुरियान? खरं सांगा हं."

मागे भली मोठी रांग. सगळे कान टवकारून. आणि मी असा रेनकोटातला आरोग्यदूत. थोड्या वेळापूर्वीच मी त्या रांगेतल्या दोघांना नाकाखाली आलेल्या मास्कवरून झापलं होतं.

"पेताई? मी?" मी म्हणालो. "एक उकडलेलं अंडं. फक्त."

"नक्की ना? कारण खाल्लं असेल तर..."

"मुली, मी तुला खोटा वाटतो का?"

तिनं खांदे उडवले. "मग नाकातून तपासणी, आजोबा. अहवाल उद्या दुपारी. तोवर घरी वेगळं राहायचं. हे विमान काही तुम्हाला मिळत नाही."

मी बाजूच्या खुर्चीवर मटकन बसलो. माझ्यामागे मी झापलेल्यांपैकीच एक जाडा माणूस होता. त्याच्याही फुंकरीला लाल अक्षरं आली. तिनं विचारलं, तसा तो मोकळेपणानं हसला. "ताई, रात्री सासूनं पेताईची भाजी केली होती. ताट चाटून पुसून खाल्लं बघा."

"जा, दात घासून या, पाणी प्या, थोड्या वेळानं परत फुंका," ती म्हणाली.

तो गेला, दात घासून आला, फुंकला आणि माझ्या डोळ्यांदेखत विमानात बसायला निघून गेला. तेव्हा मी उठून तिच्याकडे धावलो. "अगं, मीही खाल्लंय! खूप खाल्लंय!" पण माझं नाव एव्हाना वर कळवलं गेलं होतं. ती बिचारी हळहळली. मी ज्या खोटेपणावरून आयुष्यभर इतरांना फैलावर घेतलं, त्याच्यापायी मुलीच्या लग्नाला मुकलो, आणि तेही पेताईसाठी.

घरी येऊन रोहायाला फोन केला. ती म्हणाली, "तेंपोयाक?"

"हो."

"लग्न पुढे ढकलता यायचं नाही. बगासच्या आजीनं मुहूर्त काढलाय. काझी म्हणतात, बाप नसेल तर बापानं आपल्या भावाला अधिकार द्यावा. तुमचा भाऊ कोण आहे, आठवतंय ना? की त्यालाही वेगळं ठेवलंत?"

मी नुबीला फोन लावला. मागे ट्रकचं इंजिन घरघरत होतं. "कोण? सरसेनापती?" तो म्हणाला. "बोला, आज काय धुवायचं?"

मी सगळं सांगितलं. अंड्याचं सुद्धा. तो इतका हसला की त्याला ट्रक कडेला घ्यावा लागला. मग इंजिन बंद झालं आणि त्याचा आवाज बदलला. "दादा, मी जावातच आहे, सेमारांगच्या अलीकडे. माल उतरवतो आणि निघतो. चांगला सदरा कुणाचातरी मागून घेतो. पण ते वाक्य मला जमेल का रे?"

"सोपं आहे," मी म्हणालो, आणि त्याला ते एकदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रोहायानं निकाहाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवला. घरी मी रेशमी सदरा घालून, टोपी चढवून एकटाच बसलो होतो. युली दिसली आणि लगेच मी सुरू झालो: खुर्च्या लांब लांब ठेवा, त्या मामांचा मास्क, काझीसाहेबांनी माइक पुसला का? रोहायानं सरळ माझा आवाज बंद केला. बाप म्हणून माझी जी काय पत उरली होती, तीही गेली.

नुबीनं बगासचा हात धरला. सुरुवात केली आणि मेहेरापाशी अडकला. काझींनी परत म्हणायला सांगितलं. तो परत अडकला, युलीच्या नावावरच. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस, कपाळावर घाम आला होता. बगासची आजी कुजबुजू लागली. युलीनं मान खाली घातली.

तेवढ्यात नुबीनं फोनकडे पाहिलं. माझ्या तोंडावर मास्क नव्हता, घरात एकटाच होतो ना. मी सावकाश, एकेक शब्द ओठ उघडून म्हणू लागलो. तो माझ्या ओठांवरून नजर न हलवता माझ्यामागोमाग म्हणत गेला. मी थांबलो की तो थांबे. बगासला हात नुबीचा लागत होता, पण वाक्य माझं होतं. शेवटचा शब्द आम्ही दोघांनी एकदम संपवला.

बगासनं कबूल म्हटलं, साक्षीदारांनी मान्य म्हटलं. युलीनं वर पाहिलं ते काकाकडे नव्हे, फोनकडे. रोहायानं घाईघाईनं माझा आवाज चालू करायला हात पुढे केला, आणि मी जिवाच्या आकांतानं मान हलवून तिला नको म्हणालो, कारण मी त्या वेळी रडत होतो, आणि तेही मोठ्यानं.