जिलाँगचा नवस

ऑस्ट्रेलियातलं जिलाँग हे पृथ्वीवरचं सर्वांत सुंदर शहर आहे, याबद्दल शालोम पेणकरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी ते पाहिलं नव्हतं. इंग्लंडात तीस वर्षं काढून त्यांनी लंडनबाहेर पाहिलं होतं ते फक्त कॉव्हेंट्री, तेही भाच्याच्या लग्नात, छत्रीखालून.

पण मुलगा एलिशा नोकरीसाठी जिलाँगला गेला, आईबाबांना बोलावू लागला, आणि शालोम सकाळच्या चहाबरोबर बायकोला, मझलला, जिलाँग पाजू लागले.

"समोर खाडी. काठाला लोकरीची जुनी गोदामं. तासाभरावर मेलबर्न. दक्षिणेला समुद्राकाठचा रस्ता. आणि ऊन! तुझा खोकला पळतो की नाही बघ."

"अहो, कोणी मेलं तर प्रार्थनेला लागणारी आपली दहा माणसं आहेत का तिथे?"

"मेलबर्नहून येतील."

"म्हणजे तासभर मला ताटकळत ठेवणार."

"तू राहायला चालली आहेस की मरायला?"

मझल खोकली. उत्तर म्हणून तेवढं पुरलं.

व्हिसासाठी शालोमनी एलियाहू हन्नबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. साखर-खोबरं घातलेले पोहे, फळं आणि दहा माणसं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागत आलं होतं.

व्हिसाच्या तपासणीत मझलच्या फुप्फुसावर डाग निघाला. मोठ्या डॉक्टरांनी तो बघितला आणि आवाज खाली आणला. व्हिसा नाकारला गेला.

त्या संध्याकाळी मझल म्हणाली, "पोहे भिजवा."

"कशाला? नवस कुठे फळला?"

"तुमचा नाही फळला. माझा फळला. व्हिसा मिळू नये म्हणून मीही मलिदा बोलले होते. तुमच्या आधी."

शालोमनी किटली खाली ठेवली. "आणि हा डाग?"

"कसं करायचं ते मी हन्नबींवर सोडलं होतं," मझल म्हणाली. "तेवढं चुकलं."

शालोमनी पोहे भिजवले. साखर जास्त पडली. दहा माणसं आली, जेवली. मार्चमध्ये तीच दहा माणसं मझलसाठी प्रार्थना करायला पुन्हा आली, अगदी वेळेवर.

एलिशाही आला, तो परत गेलाच नाही. त्याची तिथली नोकरी नाताळातच सुटली होती. आईबाबांची एवढी तयारी बघून त्याला सांगवलं नव्हतं. आता तो लंडनजवळच्या ब्रॅकनेलला असतो. तिथे समुद्र नाही.