रक्तातील खोट

माझे वडीलबंधू लवूदादा यांना विडीचे व्यसन कधीही नव्हते. तथापि सन एकोणीसशे शहाऐंशीमध्ये, ऐन पस्तिशीत, मुलुंडच्या आमच्या चाळीचा एक जिना चढतानाही त्यांची छाती भात्यासारखी चालू लागली. छातीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून निदान सांगितले. शरीरात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते व त्यास आवर घालणारे दुसरे. हे दुसरे द्रव्य ज्या जनुकाच्या आज्ञेने घडते, ते दादांस आई व वडील या उभयतांकडून सदोष मिळाले होते. परिणामी तोडणारे द्रव्य मोकाट सुटून त्यांची फुफ्फुसेच कुरतडीत होते.

"तुमचं लग्न ठरलंय?" डॉक्टरांनी मला विचारले.

"मामाच्या मुलीशी," मी उत्तरलो. आमच्या कोकणात भाच्याचा तो हक्कच मानतात.

"मग दोघांचं रक्त तपासा. दोघांतही एकेक सदोष जनुक असेल, तर एखादं मूल तुमच्या भावासारखं निघू शकतं."

हा निरोप घेऊन मी फॅक्टरीतली पाळी संपताच घाटकोपरला मामांकडे गेलो. भाऊरावमामा ताडकन उठले.

"माझ्या चेडवाच्या रगतात खोट बघतंस? सरळ सांग, फॅक्टरीत दुसरी कोण गावली?"

"मामा, दादाची शपथ..."

"दादाक पुढे करू नको रे, बाळा!"

त्यांचे हे चेडू, म्हणजे मुलगी विमला, दारातून ऐकत होती. तिच्या मुद्रेवरही तोच संशय मला स्पष्ट दिसला.

"मी देते रक्त," ती म्हणाली. "स्वच्छ निघालं की तुला निमित्तच उरणार नाही."

रक्त काढताना मामांनी बाटल्यांवरून दृष्टी हलविली नाही. आपल्या डोळ्यांदेखत त्या बदलल्या जातील, अशी त्यांची जणू खात्रीच होती.

अहवाल आला. विमला निर्दोष; माझ्यात एक जनुक सदोष.

"बघ! खोट ह्येच्यातच!" मामा गरजले. "आता इचार मी करतलंय."

विमलाने मात्र डॉक्टरांनाच विचारले, "मुलांना दादांसारखं होईल?"

"नाही. तुमच्याकडून चांगलं जनुक मिळणारच."

"मग माझी हरकत नाही."

माझ्या अंतःकरणावरील ओझे उतरले. परंतु दवाखान्याबाहेर पायऱ्यांवर तिने मला थांबविले.

"माझ्यातही खोट निघाली असती, तर?"

"तरी लग्न केलंच असतं," मी तत्क्षणी म्हणालो.

"मग तपासलंस कशाला रे?"

मामा रस्त्यापर्यंत पोहोचले होते. ती मात्र तेथेच, माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती.